बिनकामाचं

डालड्याचा एक जुना डबा आहे माझ्याकडं. कडा गंजलेल्या. त्यात पितळेचे तीन थर्मोस्टॅट, हँडब्रेकच्या तारा, एअर फिल्टरचं एक झाकण, आणि आणखी बरंच काही. ही सगळी गाड्यांतून काढून फेकलेली माणसं. माणसं नव्हं, सामान. जीभ घसरली, घसरू द्या.

नांदेडात देगलूर नाक्याकडं एका गॅरेजात मी पोरवयापासून पाने पुसायचो. अँबॅसिडर, फियाट, महिंद्राच्या जीपा. लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला धावणाऱ्या काळ्या-पिवळ्या आमच्याकडंच यायच्या. उस्तादाच्या हाताला गुण होता, ते नाकारणार नाही. पण त्याचा एक शब्द ठरलेला. इंजिन उघडलं, एखादी वस्तू कळली नाही, की म्हणायचा, "हे बिनकामाचं हाय. काढ." आम्ही काढायचो. आणि गाडी चालू व्हायची! त्या वस्तूशिवाय झक्कास चालू व्हायची. याच्याहून मोठा पुरावा कोणता पाहिजे?

सगळ्यात जास्त बळी थर्मोस्टॅटचे. मे महिन्यात आपला पारा ४२-४३ वर. गाडी चढाला लागली की रेडिएटर उकळतो, मालक बोंबलतो. उस्तादाचा हिशोब सरळ: ही झडप पाण्याची वाट अडवते, ती काढली की पाणी मोकळं फिरेल, इंजिन थंड राहील. ऐकायला पटतं. मलाही कैक वर्षं पटत होतं.

खरं काय ते असं. त्या झडपेच्या पोटात मेण असतं. इंजिन थंड असताना ती पाणी रेडिएटरकडं जाऊ देत नाही, कारण इंजिनाला आधी तापायचं असतं. ८०-८२ अंशांच्या आसपास मेण वितळून फुगतं आणि दार उघडतं. झडपच नसली तर इंजिन वेळेवर तापत नाही, न जळालेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं, रिंगा झिजतात, गाडी जास्त पेट्रोल पिते. काही इंजिनांत तर उलटाच खेळ. तिथं थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की ती वाट कायम उघडी राहते आणि काही पाणी रेडिएटरकडं न जाता इंजिनातच घिरट्या घालतं. थंड करायला काढलं अन् चढावर जास्तच तापलं! मूळ रोग बऱ्याचदा भलताच असायचा: बोअरच्या पाण्याचे क्षार रेडिएटरच्या नळ्यांत थरावर थर बसलेले. आता चांगलं पाणी माणसालाच नाही तर रेडिएटरला कुठून आणणार? २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, विसरला नसाल.

एअर फिल्टरचंही तसंच. काढला की इंजिन मोकळा श्वास घेतं म्हणे. घेतं की. काळ्या मातीच्या फुफाट्यासकट घेतं.

पण हे नुकसान मालकाच्या खिशाचं. ते मी सोडून देतो. मला बोलायचंय ते हँडब्रेकचं.

जुन्या जीपला हँडब्रेक चाकांवर नसतो, गिअरबॉक्सच्या मागं शाफ्टवर असतो. सील गेलं की ऑइल गळतं, लायनर भिजतं, ब्रेक धरत नाही. सील बदला, लायनर बदला, म्हणजे पैसे. मग काय? तारच काढून टाका. गाडी गिअरात उभी करायची आणि चाकाखाली दगड लावायचा. दगड कोण लावणार? क्लीनर.

अशा एका काळ्या-पिवळीची तार मी काढली. सांगणारा उस्ताद, पण हात माझा. महिन्या-दीड महिन्यानं ती जीप चाकूरच्या अलीकडं चढावर थांबली. माणसं कोंबलेली. पोरगं दगड घेऊन मागच्या चाकाशी वाकलं आणि गाडी गिअरातून सुटली. पायाचा पंजा गेला. तेरा-चौदा वर्षांचं लेकरू. सगळे म्हणाले, पोरानं दगड लावायला उशीर केला. तारेचं नाव कुणी काढलं नाही. मीबी नाही काढलं.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळते. तार काढली म्हणून तारेचं काम संपलं होतं का? गाडी धरून ठेवायचं काम होतं तिथंच होतं. ते फक्त लोखंडाकडून एका लेकराकडं गेलं. आणि लोखंड स्वस्त नव्हतं, लेकरू स्वस्त होतं. गाडीतलं काहीही 'बिनकामाचं' ठरवताना मालकानं आणि उस्तादानं जो हिशोब केला, त्यात हा आकडा धरलाच नव्हता. तो पोरगा कुणाच्या घरचा होता, कुठल्या वस्तीतला होता, हे मी सांगायची गरज आहे का?

मग उस्ताद गुन्हेगार? इथं मी अडतो. कंपनीचं पुस्तक इंग्रजीत. ते उस्तादानं कधी पाह्यलंसुद्धा नव्हतं. मार खाऊन, बघून बघून शिकलेला माणूस. त्याला ज्ञान नव्हतं हा त्याचा दोष नाही, ते कुलपात ठेवणाऱ्यांचा आहे. पण "मला कळत नाही" हे एक वाक्य आहे आणि "हे बिनकामाचं हाय" हे दुसरं. पहिलं वाक्य म्हणायला तो लाजला. गिऱ्हाइकापुढं लाजला, आम्हा पोरांपुढं लाजला. त्या लाजेचा दोष मात्र त्याच्याकडंच जातो. आणि माझ्याकडं.

आणि नुसत्या अडाणी उस्तादावर का घसरायचं? २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅपनं भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्या भिंतीसारख्या अडथळ्यावर आपटून बघितल्या. एकीतही एअरबॅग नव्हती. मोठ्या माणसाच्या सुरक्षेला पाचही गाड्यांना शून्य तारे. त्यांतल्या काहींची परदेशात विकली जाणारी भावंडं एअरबॅग घेऊनच फिरत होती. इथल्या ड्रायव्हरपुढं ती सक्तीनं आली २०१९ च्या जुलैत. त्या एअरबॅगा कुण्या नाक्यावरच्या उस्तादानं काढल्या नव्हत्या. पुस्तक वाचता येणाऱ्यांनी, किंबहुना पुस्तक लिहिणाऱ्यांनीच त्या बसवल्या नव्हत्या.

आता कुणी शहाणा म्हणेल, "बघा, म्हणूनच आम्ही सांगतो, जुन्या रचनेतलं काही काढू नका, त्यामागं कारण असतंच." थांबा गड्यांनो, इथं फसू नका. थर्मोस्टॅटचं कारण मला तपासता येतं. चहाच्या पातेल्यात पाणी उकळून त्यात तो टाकतो, माझ्या डोळ्यांसमोर दार उघडतं. जे कारण असं उघड्यावर तपासू देत नाहीत, नुसतं 'असतंच' म्हणतात, ते कारण नव्हं, ती दमदाटी. तिथंही हाच प्रश्न विचारा, दगड कोण लावतोय?

अँबॅसिडर बनायची २०१४ साली थांबली. काळ्या-पिवळ्याही आता पूर्वीइतक्या दिसत नाहीत. माझ्याकडं चार पोरं शिकायला येतात. काढलेली प्रत्येक वस्तू डब्यात टाकायची आणि तिचं नाव-काम वहीत लिहायचं, कळलं नाही तर 'ठाऊक नाही' असं लिहायचं, एवढा नियम केलाय. ठाऊक नाही असं लिहिलेल्या सध्या अकरा वस्तू आहेत. एक आहे करंगळीएवढी, दोन्ही बाजूंना आटे, मधे स्प्रिंग. कुणाला ओळखता आली तर येऊन सांगा. चहा पातेल्यातलाच मिळेल.