शर्यतीनंतरचे पारणे

लांब पल्ल्याच्या शर्यतीनंतर धावपटूला जो मोकळा वेळ मिळतो, तो बहुधा अवचित येतो. शर्यतीचा दिवस महिनोन्‌महिने आधी ठरलेला असतो, त्याच्या दुसऱ्या दिवसाचा विचार मात्र कोणी केलेला नसतो. हा वेळ श्रमाचे फळ म्हणायचा की न मागता मिळालेले दान, आणि त्यावर हक्क कोणाचा, हे प्रश्न धर्मविचारात जुनेच आहेत. यज्ञ, व्रत आणि वारी या तिन्हींच्या समाप्तीचे नियम पाहिले की त्यांची उत्तरे बरीचशी हाती लागतात.

४२.१९५ किलोमीटरच्या मॅरेथॉनची तयारी साधारण १६ ते २० आठवडे चालते. या काळात साऱ्या घराचे घड्याळ धावणाऱ्याच्या सोयीने लागते. रात्री लवकर निजानीज, पहाटे अंधारात गजर, रविवारी सकाळी लांबचा पल्ला, लग्नाच्या पंगतीत हात आखडता. शर्यत संपते आणि हे सगळे एका दिवसात थांबते. स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा झालेली असते. ठणका पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त जाणवतो आणि पायऱ्या चढण्यापेक्षा उतरणे जड जाते. स्नायूंतला ग्लायकोजनचा साठा भरून यायला, खाणेपिणे नीट असले तरी, निदान एक-दोन दिवस लागतात. धावायला शरीर साफ नकार देते; बसायला, बोलायला, पोरांना मांडीवर घ्यायला त्याची काहीच हरकत नसते. असा वेळ हाती आला की पुष्कळ धावपटू अस्वस्थ होतात. आपण आळसावलो, कमावलेले घालवतो आहोत, असे त्यांना वाटत राहते.

या अस्वस्थतेमागे एक ठाम समजूत आहे: विश्रांती श्रमाने विकत घ्यावी लागते आणि ती घ्यायची ती पुढच्या श्रमासाठीच. महाराष्ट्रात यत्नाला देवाच्या जागी मानणारी समर्थ रामदासांची शिकवण घरोघर रुजलेली आहे, तिचाही आधार या समजुतीला दिला जातो. पण रामदासांचा रोख आळसावर आहे. जो पूर्ण यत्न करून थांबला, त्याला आळशी म्हणण्यासारखे दासबोधात काही नाही. ॲरिस्टॉटलने ‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’च्या दहाव्या भागात याच्या उलट क्रम लावला आहे. माणूस कामात गुंततो तो निवांतपणासाठी. निवांतपणा हे साध्य आणि काम हे साधन. तरीही दोन्ही मतांत विश्रांती आणि श्रम यांचा हिशेब मांडलेलाच आहे. भारतीय कर्मकांडाने समाप्तीचा विचार निराळ्या अंगाने केला.

सोमयागात यजमानाला दीक्षा दिली जाई. त्याच्या आहारावर, बोलण्यावर, वावरण्यावर बंधने येत. दीक्षा त्याच्या पत्नीलाही असे. याग संपला की दोघे पाण्यावर जाऊन अवभृथ स्नान करीत, दीक्षेच्या खुणा पाण्यात सोडून देत आणि नवी वस्त्रे नेसून बाहेर येत. हे स्नान यागाचेच एक अंग होते. ते झाल्याशिवाय दीक्षा सुटत नसे, आणि ते एकट्या यजमानाचे नसे, हे या प्रश्नाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. नियम दोघांनी पाळला म्हणून सुटकाही दोघांची. धावणाऱ्याच्या घरात नेमके असेच घडते. पहाटेचा गजर एकाने लावलेला असतो, झोपमोड सगळ्यांची होते. तयारीची बंधने बायकोने, नवऱ्याने, आईने, मुलांनीही पाळलेली असतात, फक्त त्यांच्या छातीवर क्रमांक नसतो. शर्यतीनंतरचा वेळ म्हणूनच मुळात सगळ्या घराचा आहे. धावपटूने तो घरच्यांना ‘दिला’ असे म्हणणे बरोबर ठरत नाही.

एकादशीच्या व्रतात हाच विचार अधिक नेमका झाला. उपास एकादशीचा, पण व्रत पुरे होते ते द्वादशीला बारस सोडल्यावर, म्हणजे पारणे केल्यावर. भागवताच्या नवव्या स्कंधातली अंबरीषाची कथा याच मुद्द्यावर उभी आहे. पारण्याच्या वेळी दुर्वास ऋषी दारी आले, भोजनाचे निमंत्रण स्वीकारून स्नानाला गेले आणि लवकर परतले नाहीत. द्वादशी सरत चालली. पाहुण्याआधी जेवावे तर अतिथिधर्म मोडतो, थांबावे तर व्रत अपुरे राहते. ब्राह्मणांना विचारून राजाने घोटभर पाणी घेतले, कारण पाणी पिणे हे खाल्ल्यासारखेही आणि न खाल्ल्यासारखेही मानले जाते. पुढे दुर्वासांचा कोप झाला आणि सुदर्शनचक्राने राजाला राखले. कथेचा कल स्पष्ट आहे: पारणे हे कर्तव्य आहे आणि ते वेळेवर झाले पाहिजे. तपात मुरलेल्या दुर्वासांपेक्षा व्रत वेळेवर सोडणारा गृहस्थ इथे श्रेष्ठ ठरतो.

वारीत याला समूहाचे रूप येते. आळंदीहून निघालेले वारकरी सुमारे अडीचशे किलोमीटर चालून आषाढीला पंढरपुरी पोहोचतात, पण सोहळ्याची सांगता होते ती पौर्णिमेला गोपाळपूरच्या काल्याने. काल्यात कोण किती चालला हे कोणी विचारत नाही. लाह्या-दही एकमेकांच्या मुखी घालताना चाललेला आणि न चाललेला एकच होतो. श्रमाच्या प्रमाणात वाटा, हा हिशेब तिथे मिटतो.

गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात हा विचार आणखी एका वळणाने पाहावा लागतो. गडचिरोली पोलीस दलाने अलीकडच्या वर्षांत जिल्ह्याच्या ठिकाणी महामॅरेथॉन भरवल्या आहेत, आणि पोलीस भरतीच्या आशेने पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी मुले-मुली या भागात नित्य दिसतात. एटापल्लीहून गडचिरोली शंभर किलोमीटरहून दूर, वाट आलापल्लीवरून. उन्हाळ्याच्या तोंडावर शर्यत धावून कोणी गावी परतला, तर त्याचे घर मोहाच्या झाडाखाली असते. मोहाची फुले रात्रीतून पहाटेपर्यंत गळतात. झाडाखालचा पाचोळा आधीच झाडून किंवा जाळून जागा मोकळी केलेली असते, म्हणजे फिकट पिवळसर, रसरशीत फुले मातीवर चटकन दिसतात. म्हातारी, सुना, शाळकरी पोरे ओणवी होऊन ती टोपलीत वेचतात. उन्हे चढली की टोपल्या अंगणात रित्या होतात आणि वाळता वाळता फुले तांबूस-तपकिरी पडतात. मांड्या आखडलेला धावपटू ओणवा होऊ शकत नाही. तो झाडाखाली बसून हाताशी येतील तेवढी फुले वेचतो आणि एरवी धावण्यात जाणारी पहाट आजीच्या गप्पा ऐकण्यात जाते.

इथे मोकळा वेळ आणि काम यांची फारकत होत नाही. गीतेच्या चौथ्या अध्यायात कर्मात अकर्म पाहणाऱ्याला बुद्धिमान म्हटले आहे. त्याचे भाष्यकारांनी नाना अर्थ लावले, पण हात चालू असताना मन कशाच्याही मागे धावत नाही, ही अवस्था या वेचणीइतकी सहज क्वचितच दिसते. माडिया गोंडांच्या रीतीत सामुदायिक विसावाही आहे. हंगामातले नवे पीक-फळ देवाला दिल्यावाचून न खाण्याची आणि त्या निमित्ताने गावाने मिळून पंडुम हा सण साजरा करण्याची चाल आहे. जानेवारीत सुरजागडच्या डोंगरावर ठाकुरदेवाची यात्रा भरते, तेव्हा इलाख्यातल्या गावांतून माणसे येतात आणि देवाचे झाल्यावर एकत्र रांधून जेवतात.

शर्यतीनंतरच्या या मोकळ्या वेळात एक अडचण मात्र आहे आणि ती झाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. धावणारा घरी विसावला की पुष्कळदा घरातल्या बाईचे काम वाढते. तेल, गरम पाणी, साग्रसंगीत जेवण, भेटायला येणाऱ्यांचा चहा हे सारे तिच्याच वाट्याला येते. एकाची विश्रांती दुसऱ्याच्या श्रमावर उभी राहिली तर तिला पारणे म्हणता येत नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी साप्ताहिक सुट्टी मागितली ती सर्वांना एकाच दिवशी, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. सगळे एकाच वेळी मोकळे असतील तरच माणूस घरच्यांचा आणि समाजाचा होतो, हे त्या मागणीतले सत्य घराच्या चार भिंतींतही लागू पडते. अवभृथात पत्नी बरोबरीने पाण्यात उतरते, पाण्याचा हंडा घेऊन काठावर उभी राहत नाही.

हा वेळ किती दिवसांचा, यावरही धर्म आणि शरीरशास्त्र यांचे फारसे दुमत नाही. द्वादशी सरण्याच्या आत पारणे करायचे असते. ते लांबवणे दोषाचे. मॅरेथॉननंतर साधारण एक-दोन आठवडे हलक्या हालचालींवर काढावेत, असे प्रशिक्षक सांगतात. त्यानंतर पाय मोकळे होतात आणि पहाटेचा गजर पुन्हा लावायचा की नाही हे ठरवावे लागते. तो लावण्याआधी घरच्यांना विचारणे हा नव्या व्रताचा संकल्प होय, कारण संकल्पालाही पत्नी शेजारी बसलेली असते.