टाकाऊ कोणास म्हणावें?

वस्तूचें नांव पुष्कळदां तिच्या गुणांवरून न पडतां आमच्या सोयीवरून पडतें. वेळू हें वस्तुतः गवत. तथापि १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानें त्याची गणना झाडांत केली, आणि २०१७ सालीं वनाबाहेरील वेळू त्या गणनेंतून वगळण्यांत आला. वेळू मात्र होता तसाच राहिला. ‘टाकाऊ’ हें नांवही आम्हांस याच जातीचें वाटतें.

बुरुडाच्या अंगणांत सूप-टोपल्यांचें काम चाललें असतां सालपटांचा व भुशाचा ढीग पडतो. त्यास आम्ही केर म्हणतों. परंतु त्या केरांतही बळकट तंतु असतात, आणि ते राळेंत अथवा प्लॅस्टिकमध्यें नीट बसविले असतां त्या पदार्थास बळकटी येते. वेळूच्या तंतूस पाण्याची ओढ, तर प्लॅस्टिकला पाण्याचें वावडें. म्हणून तंतु आधीं कॉस्टिक सोड्याच्या पाण्यांत भिजवून त्यांवरील मेण व कांहीं लिग्निन काढतात, मग राळ त्यांस घट्ट धरते. काचतंतूचें विशिष्टगुरुत्व सुमारें २.५, वेळूच्या तंतूचें त्याहून पुष्कळ कमी. त्यामुळें वस्तु हलकी होते.

येथवर सारें स्तुत्यच आहे, आणि काटकसरीस सद्गुण मानणाऱ्या आमच्यासारख्यांस तें विशेष रुचतें. पण तो ढीग खरोखर बेवारस होता काय? त्यांतला कांहीं भाग बुरुडाच्या चुलींत जात होता. उरलेला कुजून मातीस मिळत होता. इपॉक्सीसारखी राळ एकदां घट्ट झाली कीं पुन्हां वितळत नाहीं. तींत कोंडलेला तंतु वेगळा काढणें दुर्घट, आणि मातीही त्यास सहजीं पोटांत घेत नाहीं. आज वाचविलेला केर उद्यां अधिक चिवट केर होऊन नातवंडांच्या दारीं येतो.

मग तो जाळूनच टाकावा काय? तसें आमचें म्हणणें नाहीं. त्यापासून दार, फळी, आसन यांसारखी दीर्घकाळ वापरावयाची वस्तु होत असेल, आणि ढिगाचें मोल बुरुडाच्या हातीं पडत असेल, तर तो उद्योग धर्म्यच होय. परंतु चार दिवसांत फेकावयाच्या वस्तूसाठीं मातीचा वांटा हिरावून घेणें, यास काटकसर म्हणवत नाहीं. वस्तु घरांत आणतांना आम्ही तिचा हिशेब चोख ठेवतों. ती घरांतून जाईल कोठें, हेंही त्याच वहींत मांडावयास हवें.