जॅम झालेले हब आणि शक्तीचा वाद

एखाद्या वस्तूचे सर्व अवयव शाबूत असूनही तिच्याकडून कार्य घडत नसेल, तर ते घडवण्याची शक्ती तिच्या ठायी आहे असे म्हणावे की नाही, हा प्रश्न भारतीय दर्शनांत अग्नी आणि मणी यांच्या दृष्टांतावरून लढवला गेला. विशिष्ट मणी जवळ असता अग्नी जाळत नाही आणि मणी दूर करताच जाळू लागतो, असे मानून मीमांसकांनी ‘शक्ती’ हा अग्नीहून वेगळा, न दिसणारा पदार्थ स्वीकारला; उलट ‘न्यायकुसुमांजली’कार उदयनाचार्यांनी हा जादा पदार्थ नाकारून प्रतिबंधकाचा, म्हणजे अडथळा आणणाऱ्या वस्तूचा, अभाव हाच कारणसामग्रीचा एक घटक ठरवला.

तसा मणी कोणाच्या हाती लागल्याचे ऐकिवात नाही. एटापल्ली-भामरागडच्या चिखलवाटांवर आणि रपट्यांवर मात्र त्याची जागा घेणारी वस्तू पावसाळ्यात हमखास भेटते. जुन्या धाटणीच्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपच्या पुढच्या चाकांच्या मध्यभागी लॉकिंग हब असते, ज्याची चकती हाताने ‘लॉक’कडे फिरवली की आतली दातेरी कडी सरकून अ‍ॅक्सलचा दांडा चाकाशी जोडते, आणि ‘फ्री’कडे फिरवली की चाक दांड्यापासून सुटे होते. कोरड्या दिवसांत डांबरी रस्त्यावर ‘फ्री’तच राहिलेल्या हबमध्ये नाल्याचे पाणी, गाळ, गंज आणि वाळलेले ग्रीस मिळून कडी धरून ठेवतात, मग फोर-व्हील-ड्राइव्हचा लिव्हर टाकल्यावर दांडा फिरतो, पण चाकाला जोर मिळत नाही.

पकडीने चकतीवर जबरदस्ती केल्यास ती तुटते, म्हणून जाणता मेस्त्री झाकणाचे बोल्ट काढतो, भाग डिझेलने धुतो, गंज सोडवणारे तेल मुरू देतो आणि कडी अलगद पुढेमागे सरकवत मोकळी करतो. या साऱ्या खटाटोपात हबला नवी शक्ती दिली जात नाही, अडलेले तेवढे काढले जाते. येथवर उदयनाचार्यांचे पारडे जड आहे. परंतु नवे ग्रीस सढळ हाताने भरले तर गंजापासून राखणारे तेच ग्रीस कडीला अडवते, आणि मुख्य अडचण अशी की मणी बाहेरून येतो, तर गंज हबच्याच लोखंडातून, ते न वापरल्यामुळे वाढतो. प्रतिबंधक वस्तूच्याच अंगातून निपजतो, ही शक्यता त्या दृष्टांतात बसत नाही. अद्वैत वेदान्ताने अज्ञानाला आवरण म्हटले खरे, पण ज्ञानाने एकदा फिटलेले ते आवरण पुन्हा येत नाही, आणि गंज पुढच्या पावसाळ्यात येतोच. येथे योगसूत्रकार पतंजलींचा अभ्यासाचा विचार अधिक उपयोगी पडतो, कारण तो दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदरपूर्वक केलेल्या आवृत्तीवर भर देतो. दर महिन्याला चकती दोन्हीकडे फिरवून पाहणे ही त्याचीच साधी आवृत्ती होय.

पावसाळा सरता सरता येणाऱ्या खंडेनवमीला गाडीच्या बॉनेटवर झेंडूचा हार चढतो, हब मात्र सहसा उघडले जात नाही. वास्तविक त्या दिवशीच्या शस्त्रपूजेत शस्त्र आधी घासूनपुसून घेण्याची रीत आहे, आणि हळदीकुंकू त्यानंतरचे.