थरथरीचं निदान

पळस्पे फाटा मागे पडला की जुना मुंबई-पुणे रस्ता मोकळा होतो. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी, त्यामुळे आम्हा पनवेलकर मोटरसायकलवाल्यांची खोपोलीकडची वाट हीच. पावसाळा नुकताच सरला होता. मागच्या कॅरिअरवर जड बॅग बांधलेली. काटा 80 वर होता, मी एक्सलेटर थोडा सोडला आणि हँडल हातात थरथरू लागलं. घाबरून मी मुठी आवळल्या, तर ती थरथर मनगटातून खांद्यांत चढली आणि वाढली. ब्रेक दाबला नाही, एवढंच शहाणपण सुचलं. वेग हळूहळू उतरला, हँडल शांत झालं. माझे गुडघे मात्र बराच वेळ लटपटत होते.

पनवेल हे वैद्यांचं गाव आहे. कृष्णशास्त्री पुराणिकांनी 1872 साली इथे श्री धूतपापेश्वर ही औषधशाळा सुरू केली. त्यामुळे रोग, हेतू, उतारा हे शब्द इथल्या जुन्या घरांत सहज कानावर पडतात. चरकसंहितेत आणि पुढे माधवकरांच्या माधवनिदानात रोग ओळखण्याची पाच साधनं दिली आहेत: हेतू, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. गाडी दुरुस्त होईपर्यंतच्या पंधरा दिवसांत ही पाच साधनं मला नव्यानं कळली.

आधी रूप, म्हणजे लक्षण. ‘गाडी हलते’ हे वर्णन ‘अंग दुखतं’ इतकंच मोघम. फक्त हँडल भराभर थरथरत असेल, सेकंदाला सहा ते दहा वेळा, तर दुखणं बहुधा पुढच्या भागातलं असतं: झिजलेला टायर, तोल गेलेलं चाक, सैल बॉल रेसर, म्हणजे हँडलच्या मुळाशी असलेलं गोळ्यांचं बेरिंग. सगळी गाडीच सेकंदाला दोन-चार वेळा सापासारखी डोलत असेल, तर आधी मागे बघावं: स्विंगआर्मचे बुश, चाकाचं बेरिंग, कमी हवा, मागे लादलेलं ओझं. 1971 साली ब्रिटिश अभियंता रॉबिन शार्प यांनी मोटरसायकलच्या गतीची समीकरणं मांडली, तेव्हा हे दोन विकार गणितातही वेगवेगळे निघाले.

पूर्वरूप, म्हणजे रोगाआधीची चाहूल, मला महिनाभर दिसत होतं, मी पाहिलं नव्हतं. गतिरोधकापाशी पुढचा ब्रेक दाबला की हँडलच्या मुळाशी बारीक ‘टक’ व्हायचं. रस्त्यांवरच्या खड्ड्यांची इतकी सवय झालेली की तो आवाजही मी रस्त्याच्याच खात्यावर मांडला.

गॅरेजवाल्या काकांची पद्धत उपशयाची. उपशय म्हणजे एखादा उपाय करून पाहायचा आणि रोग उतरतो की नाही यावरून त्याची ओळख पटवायची. त्यांनी आधी बॅग उतरवली आणि मला पाठवलं. थरथर कमी झाली, गेली नाही. मग दोन्ही चाकांत हवा नीट केली, पुन्हा फेरी. मग पुढचा टायर बदलला, कारण त्याच्या कडा खोलगट झिजल्या होत्या, पुन्हा फेरी. मला घाई होती. म्हटलं, “काका, सगळं एकदमच बदलून टाका ना.” ते म्हणाले, “एकदम बदललं तर गाडी बरी होईल, पण काय झालं होतं ते तुम्हाला नाही कळणार, मला पण नाही.”

संप्राप्ती म्हणजे दोष कसा वाढत जातो त्याची वाट. हँडलचा दांडा ज्या रेषेत फिरतो, ती रेषा खाली वाढवली तर टायर जिथे टेकतो त्याच्या थोडी पुढे जमिनीला लागते. म्हणून चाक आपणहून सरळ रेषेत येऊ पाहतं. रेल्वे स्थानकातल्या सामानाच्या ढकलगाडीचं फिरकं चाकही असंच मागे मागे येतं, आणि जोरात ढकललं की तेच चाक फडफडायला लागतं. सरळ होताना ते थोडं पलीकडे जातं, परत येताना थोडं अलीकडे. हा अतिरेक शोषून घेणारं काही नसेल, तर प्रत्येक हेलकावा आधीच्याहून मोठा होतो, आणि त्याला लागणारी ताकद गाडीच्या पुढे धावण्यातूनच मिळते. म्हणजे चाकाला सावरणारी ओढ आणि त्याला थरथरवणारी ओढ एकच.

हेतू, म्हणजे मूळ कारण, शेवटी हाती आला. काकांनी हँडल खोलून बॉल रेसरची वाटी माझ्या तळहातावर ठेवली. आतल्या कडेला ओळीनं बारीक खळगे पडले होते. नख फिरवलं की प्रत्येक खळग्यात अडकायचं. चाक बहुतेक वेळ सरळच असतं, त्यामुळे खड्ड्यांचे दणके गोळ्यांनी त्याच त्याच जागी झेललेले.

अशाच दुसऱ्या एका गाडीचं हँडल काही दिवसांपूर्वी दुसरीकडे कुणीतरी घट्ट आवळून दिलं होतं. थरथर थांबली, पण गाडी कमी वेगातही इकडून तिकडे भरकटू लागली. सैलपणा हा रोग आहे, पण आवळणं हे त्याचं औषध नाही. का, ते सायकलवरून कळतं. 1899 साली गणितज्ञ व्हिपल यांनी सायकलची समीकरणं लिहिली. पुढे बराच काळ चाकाचा भोवऱ्यासारखा फिरण्याचा गुण आणि चाकाची ती मागे येण्याची ओढ, यांनाच तोलाचं श्रेय मिळत आलं. 2011 साली डेल्फ्ट आणि कॉर्नेलच्या संशोधकांनी हे दोन्ही गुण जवळजवळ काढून घेतलेली सायकल बनवली, आणि तीही एकटी तोल सांभाळून धावली. तोल कुठल्याही एका भागाच्या मालकीचा नाही. एक अट मात्र सुटत नाही: गाडी ज्या बाजूला पडू लागेल, त्या बाजूला हँडलला वळता आलं पाहिजे. आवळलेल्या हँडलला तेच जमत नव्हतं. त्या दिवशी रस्त्यावर माझ्या मुठींनीही तीच चूक केली होती.

नवा बॉल रेसर बसला. काकांनी गाडी डबल स्टँडवर घेतली, पुढचं चाक अधांतरी केलं. शॉकअपचे पाय धरून पुढे-मागे हिसडले: ‘टक’ नाही. मग सरळ धरलेल्या हँडलला एका बोटानं जरासा धक्का दिला. ते कुठेही न अडखळता, न थरथरता, स्वतःच्या वजनानं हळूच एका बाजूला कलंडलं आणि टेकलं. “आता घेऊन जा,” काका म्हणाले.