समुद्राची सुट्टी

विश्रांती ही मनुष्याची गरज आहे, याविषयी आज कोणी वाद घालीत नाही. वादाचा प्रश्न निराळाच आहे. ज्या स्थळी आपण विश्रांतीस जातो, त्या स्थळासही विश्रांतीचा काही हक्क आहे काय? आमच्या मते आहे. आणि तो मानल्यावाचून आपली सुट्टी ही दुसऱ्याच्या घरात केलेली चैन ठरते. रायगड जिल्ह्याचा, म्हणजे १९८१ पूर्वी ज्यास कुलाबा जिल्हा म्हणत त्याचा, किनारा या विचारास विशेष सोयीचा आहे. कारण मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित कुटुंबांची सुट्टी आणि कोळ्यांची सुट्टी तेथे एकाच वाळूवर येऊन भेटतात.

कोळ्यांची सुट्टी हा शब्दप्रयोग कित्येकांस नवा वाटेल. जूनच्या आरंभी दर्या खवळतो, आणि त्याच सुमारास पुष्कळ माशांचा विणीचा हंगाम असतो. म्हणून १ जूनपासून सुमारे दोन महिने यांत्रिक नौकांस मासेमारीची मनाई असते. ही मनाई आज सरकारची असली, तरी रिवाज कोळीवाड्यांचा व पुरातन आहे. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारावयाच्या, फाटकी जाळी विणावयाची, आणि नारळी पौर्णिमेस नारळ अर्पण केल्यावाचून दर्यावर जावयाचे नाही. या रिवाजात भीती आहे, भक्ती आहे आणि हिशेबही आहे. परंतु या सर्वांच्या मुळाशी एक नीतितत्त्व आहे. ज्याच्यापासून आपण घेतो, त्यास काही काळ काही न मागता राहू द्यावे, हे ते तत्त्व होय. पोळ्याच्या दिवशी शेतकरी बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाही, ते याच तत्त्वास अनुसरून. यहुदी धर्मशास्त्रात सातव्या वर्षी शेत पडीक ठेवण्याची आज्ञा आहे, तिचाही आशय याहून फार दूरचा नाही.

आता, ही विश्रांती फुकट मिळत नाही. दोन महिने ताजी मासळी मिळावयाची नाही, तर तिची तजवीज आधीच करावी लागते. वरसोलीपासून श्रीवर्धनच्या जीवना बंदरापर्यंत कोठेही उन्हाळ्यात जा. बांबूंवर बांधलेल्या दोऱ्यांना बोंबील टांगलेले, खळ्यांवर जवळा पसरलेला, आणि उन्हात कोळणी राबत असलेल्या आढळतील. ही केवळ विक्रीची जिन्नस नव्हे; ती पावसाळ्याची बेगमी आहे. समुद्राची सुट्टी या दोऱ्यांवर वाळत असते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आमचा सुशिक्षित प्रवासी येथे काय करतो? मे महिन्यात तो नाकास रुमाल लावून वासाची तक्रार करतो, आणि जुलैत जेवावयास बसल्यावर ताजी सुरमई मागतो. म्हणजे विश्रांतीची पूर्वतयारी त्यास सोसवत नाही, आणि प्रत्यक्ष विश्रांती त्यास मान्य नाही. दोन्ही मागण्या एकाच मनुष्याच्या असून त्यातील विसंगती त्याच्या ध्यानातही येत नाही. पैसे दिले म्हणजे मागण्याचा अधिकार आला, एवढा एकच न्याय त्यास ठाऊक असतो. परंतु खोलीचे भाडे दिल्याने खोलीपुरता हक्क प्राप्त होतो. गावाच्या ऋतुचक्रावर तो प्राप्त होत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खरोखरच विचारार्ह आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले; श्रीवर्धन, दिवेआगर भागांतील नारळी-पोफळीच्या बागा एका दिवसात आडव्या झाल्या. नवे पोफळीचे रोप फळास येण्यास काही वर्षे जातात. अशा वेळी ज्या कुटुंबांनी पाहुण्यांसाठी दोन खोल्या उघडल्या, त्यांस विश्रांतीचे माहात्म्य सांगणे ही क्रूर थट्टा नव्हे काय? होय, तशी ती ठरेल. आणि म्हणूनच प्रवाशांनी जाऊ नये असे आमचे म्हणणे नाही. दुसऱ्याने लादलेली विश्रांती म्हणजे बेकारीच. कोळ्याच्या रिवाजास मोल आहे, ते त्याने स्वतः तो पाळला म्हणून. तेव्हा मर्यादा घालावयाची ती यजमानाच्या मिळकतीवर नव्हे, पाहुण्याच्या मागणीवर. आणि ती ज्याची त्यानेच घातली पाहिजे.

पूर्वी हे काम अंतर करीत असे. पावसाळ्यात लाँच बंद पडे, वाट लांबची होती, आणि किनाऱ्यास आपोआप उसंत मिळे. २०२० पासून मांडव्यास मोटारींसकट माणसे उतरविणारी रो-रो नौका सुरू झाली. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला. या सोयी वाईट आहेत असे कोण म्हणेल? परंतु जे बंधन खाडीने घातले होते, ते खाडीवर पूल झाल्यावर मनाने घालावे लागते. सोयी वाढल्या की संयमाची जबाबदारीही वाढते, एवढेच यातून निष्पन्न होते.

अशा संयमाचे उदाहरण आपल्या परंपरेत आहे. पावसाळ्यात भिक्षूंनी एके ठिकाणी राहावे हा बौद्धांचा वर्षावासाचा नियम, कोवळे गवत व बारीक जीव पायांखाली चिरडतात अशी लोकांनी तक्रार केल्यावरून घातला गेला, असे विनयग्रंथ सांगतात. पूर्वी जंजिऱ्याच्या नबाबाचे शिकारीचे रान असलेल्या आणि १९८६ साली अभयारण्य झालेल्या फणसाडच्या परिसरातील माळ श्रावणात गवता-फुलांनी भरून येतात, तेव्हा हा जुना नियम आठवावा. भिक्षूंस चालणे सोडण्यास कोणी सांगितले नव्हते. कोठे व केव्हा पाऊल टाकावे, इतकेच त्यांनी शिकून घेतले.

तेव्हा आषाढात मुरुडास अवश्य जावे. पण घरधनीण सुक्या बोंबलाचे कालवण वाढील, तर ते आनंदाने जेवावे. त्या वाटीत उन्हाळ्यातील श्रम आहेत, आणि पुढील वर्षाच्या मासळीस दिलेले अभयही आहे. ज्यास तेवढे समजले, त्यासच खरी सुट्टी मिळाली, असे आम्ही समजतो.