रात्री कुणाला उठवायचे?



"एवढ्या रात्री कुणाला कशाला त्रास? सकाळी बघू." हे वाक्य आपल्या घरांत बहुधा आईच बोलते. छातीत दाबल्यासारखे होते, जबडा किंवा हात भरून येतो, दरदरून घाम सुटतो. ती ओवा चघळते आणि 'गॅस असेल' म्हणून पडून राहते. आपण तिला सोशिक म्हणतो. हे सोसणे सद्गुण आहे काय?

हृदयाला रक्त पुरवणारी धमनी गुठळीने बंद झाली की झटका येतो. पुढचे स्नायू अर्ध्या तासात मरू लागतात आणि मेलेला स्नायू पुन्हा तयार होत नाही. वेळेत पोहोचल्यास गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता येते, किंवा अँजिओप्लास्टी करून, म्हणजे बारीक नळीतून फुगा नेऊन, धमनी उघडता येते. सकाळपर्यंत त्यातला बराच उपयोग निघून गेलेला असतो. खारबावहून तर दिवा-वसई गाड्या मोजक्याच, आणि अंजूरफाट्याचा रस्ता कंटेनरांनी कधी अडेल याचा नेम नाही. म्हणून १०८ ला फोन पहिल्या मिनिटालाच करायचा.

आपण ख्रिस्ती माणसे दुःखाला क्रूस म्हणतो, आणि जे टळत नाही त्याला ते नाव शोभतेही. पण प्रभूच्या क्रूसालाही कुरेनेकर शिमोनाचा खांदा लागला होता. शिवाय, गप्प राहणारीच्या वेदनेची किंमत ती एकटी भरत नाही; मागे राहिलेली मुले 'तेव्हाच का नाही सांगितले' हा प्रश्न जन्मभर वागवतात.

खरे तर संकोचामागे पुष्कळदा खर्चाची भीती असते. ती खोटी नाही. पण फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली. लाखाच्या वर जाणारे औषधी स्टेंट तेव्हा तीस हजारांच्या आसपास आले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयांत अँजिओप्लास्टी होते. रेशन कार्ड हाताशी ठेवावे.

काहींना झटक्याची शरम वाटते, जणू आपलेच काही चुकले. मुंबईचे प्रख्यात हृदयशल्यविशारद डॉ. नीतू मांडके मे २००३ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानेच गेले. शरम कसली?

आता उठवल्या गेलेल्यांविषयी. पहिला ईसीजी कधी कधी साधा निघतो, म्हणून डॉक्टर तो पुन्हा काढतात, रक्तही तपासतात. शेवटी काहीच निघाले नाही, तरी 'उगाच धावपळ करायला लावलीस' असे तिला ऐकवू नका. पुढच्या वेळी ती बोलणारच नाही.