धाकट्याला खलनायक करू नकोस

विठ्ठलवाडी

चि. भाचेबुवांस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझी एकांकिका मिळाली. दोनदा वाचली. वालधुनीच्या काठी जीन्स धुण्याचा कारखाना, रात्री निळं पाणी नदीत सोडणारा धाकटा भाऊ आणि त्याच्याविरुद्ध उभा राहणारा मास्तर थोरला भाऊ. विषय घरचाच आहे. अंबरनाथला 1060 सालच्या शिवमंदिराला वळसा घालून येणारी ही नदी आमच्याकडे पोचेपर्यंत लोक तिला नाला म्हणायला लागतात, हे तुला मी काय सांगायचं! संवाद खटकेबाज आहेत, मालकाचा फोन तर झकास जमलाय. पण धाकटा मला पटला नाही. तो दारू पितो, बायकोवर हात टाकतो, कामगारांचे पगार थकवतो आणि वर नदीही नासवतो. थोरला मात्र धुतल्या तांदळासारखा. निकाल पहिल्याच प्रवेशात लागलाय, पुढची चाळीस मिनिटं प्रेक्षकांनी काय करायचं?

तू लिहिलंस की थोरला उठून दिसावा म्हणून धाकटा मुद्दाम काळा केला, फॉइल कॅरॅक्टर म्हणतात ते हेच. मला तसं वाटत नाही. फॉइल म्हणजे उलटा माणूस नव्हे. तो मुख्य पात्रासारख्याच पेचात सापडलेला असतो आणि वेगळं काहीतरी करून बसतो. दोघांतला फरक दाखवायचा असेल तर आधी त्यांचं सारखेपण उभं करावं लागतं.

गडकऱ्यांचं 'एकच प्याला' पुन्हा काढ. 1919 च्या जानेवारीत गडकरी सावनेरला वारले आणि फेब्रुवारीत गंधर्व मंडळीनं बडोद्याला हे नाटक रंगभूमीवर आणलं. परीक्षेच्या उत्तरात सगळे सुधाकरासमोर रामलालला उभं करतात: एक व्यसनी, एक सज्जन, झाले पाच मार्क. माझ्या मते सुधाकराशेजारी उभं करायचं ते भगीरथाला. मुन्सफाशी खटका उडून वकिलीची सनद गेली, त्या अपमानात सुधाकर प्यायला लागतो, भगीरथ प्रेमभंगानं. दोघंही तळीरामाच्या आर्य मदिरा मंडळाचे. पण भगीरथ बाहेर पडतो. बाहेर पडायला वाट होती, हे आपल्याला भगीरथामुळे कळतं, आणि मग सुधाकराचं बुडणं जिव्हारी लागतं. रामलालकडे बघून ते कळणार नाही, तो बिचारा कधी त्या पाण्यात उतरलाच नाही.

सिंधू आणि गीता यांचंही तसंच. दोघींचे नवरे, सुधाकर आणि तळीराम, पिणारे. सिंधू सोसत राहते आणि मरताना फौजदारापुढे खोटं बोलून नवऱ्याला वाचवते. गीता तळीरामाला तोंडावर सुनावते. बालगंधर्वांच्या सिंधूसाठी त्या काळी अख्खं थिएटर रडलं. आज वाचताना मला गीताच जास्त शहाणी वाटते, आणि ती बाजूला आहे म्हणूनच सिंधूचं सोसणं नुसतं पुण्यकर्म वाटत नाही, त्याच्याबद्दल प्रश्न पडतो.

आता तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर'. 1972 चं नाटक, कमलाकर सारंगांनी बसवलेलं, निळू फुले सखाराम आणि लालन सारंग चंपा. सेन्सॉरनं त्यावर इतका गदारोळ करून ठेवला की त्याची रचना बघायला लोकांना सवडच झाली नाही. तू बघ. लक्ष्मीला नवऱ्यानं टाकलंय, चंपा नवऱ्याला टाकून आलीय. दोघी एकीनंतर एक सखारामच्या घरात येतात, तो दोघींना तेच नियम ऐकवतो, चूलही तीच. लक्ष्मी देवदेव करणारी, मुंगळ्याशी गप्पा मारणारी. चंपा आळशी, तोंडाळ, पुढेपुढे दारूशिवाय सखारामला जवळ येऊ न देणारी. मध्यंतरापर्यंत आपण मनातल्या मनात एकीला चांगली आणि दुसरीला वाईट ठरवून मोकळे होतो. मग घरातून गेलेली लक्ष्मी परत येते. सखाराम तिला हाकलायला निघतो आणि चंपा म्हणते, राहू दे तिला. त्याच चंपाची सखारामच्या मित्राबरोबरची, दाऊदबरोबरची भानगड लक्ष्मी सखारामला सांगते. तो चंपाचा गळा दाबतो, आणि मुंगळ्यावर माया करणारी लक्ष्मी प्रेत पुरायच्या तयारीला लागते. दोघींपैकी एकीला तेंडुलकरांनी सुरुवातीपासून काळं करून ठेवलं असतं, तर हा धक्का बसला असता का? त्यांनी दोघींना समान जागा दिली, आणि मग आपलंच मोजमाप चुकीचं निघालं.

पुलंच्या 'तुझे आहे तुजपाशी'तली रसिक काकाजी आणि विरक्त आचार्य ही जोडी सगळ्यांच्या तोंडी असते. जोडी नामीच आहे, पण पुलंचा जीव काकाजींत अडकलेला, त्यामुळे पारडं पहिल्यापासून एका बाजूला कललेलं. शेवटाकडे आचार्यांना मन मोकळं करायला मिळतं म्हणून ते नुसते थट्टेचा विषय होत नाहीत, एवढंच.

तुझी गोष्ट दोन भावांची आहे, तेव्हा एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' उशाशी ठेव. बाप गेलाय, तेराव्याचा खर्च समोर आहे. भास्कर गावात राहिलेला, सुधीर मुंबईहून आलेला. दोघांनाही वाटतं, दुसऱ्याचं बरं चाललंय. खलनायक कुणीच नाही, तरी घर फुटतं.

तेव्हा धाकट्याची दारू काढून टाक, मारहाणही काढ. कारखाना वडिलांचा होता असं कर, म्हणजे निळं पाणी दोघांच्या लहानपणापासून वाहत आलंय. थोरल्याचं डीएड त्याच पैशातून झालं. त्याला पगाराची नोकरी लागली म्हणून त्याला कारखान्याकडे पाठ फिरवता आली. धाकट्याच्या डोक्यावर बँकेचा हप्ता आणि शनिवारी हजेरी मागणारी माणसं. प्रदूषण मंडळाची नोटीस दोघांच्या नावानं येऊ दे, कारण कागदोपत्री दोघंही भागीदार. आणि तिसऱ्या प्रवेशात धाकट्याला असा एक प्रश्न विचारू दे, ज्याचं उत्तर थोरल्याकडे नाही. तुझ्याकडेही नसलं तर उत्तमच. शिवाय एखादी गोष्ट धाकट्याला थोरल्यापेक्षा बरी करता येऊ दे. आजारी कामगाराला रात्री रिक्षात घालून सेंट्रल हॉस्पिटलला नेणारा धाकटाच असेल, तर थोरल्याची भाषणं प्रेक्षक कान देऊन ऐकतील.

मात्र आता प्रत्येक पात्राची जोडी लावत बसू नकोस. स्टेशनबाहेरचा चहावाला हा चहावालाच राहू दे. तो कुणाचं प्रतिबिंब नाही, त्याला दोन कटिंग द्यायचे आहेत.

पहिले दोन प्रवेश तसेच राहिले तरी चालतील. तिसरा नव्यानं लिही आणि तालमी सुरू व्हायच्या आत मला पाठव. धाकट्याचं काम करणारा मुलगा तुमच्यातला सगळ्यात चांगला नट असू दे. थोरला कुणीही करेल.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा